दोष गुडघ्यांचा नव्हता

मंडळी, या वीकेंडचा विषय आइस हॉकी. म्हणजे आपली ध्यानचंदवाली नाही, बर्फावरची. वाचणाऱ्यांपैकी निम्मे इथूनच परत जाणार हे माहीत आहे, तरी पण थांबा. खेळ कळला नाही तरी चालेल. मला भांडायचंय ते खेळावरून नाही, एका लाडक्या समजुतीवरून. 'आपण आपलं काम चोख करावं, बाकीचं आपोआप होतं' ही ती समजूत. आपल्या घरात ती बाळकडूसारखी पाजली जाते. डिग्री घे, मान खाली घालून काम कर, कागदपत्रांच्या भानगडीत पडू नकोस, साहेब बघतील.

दोन हिवाळे ऑनसाइट टोरोंटोला काढले. तिथे सोमवारी सकाळी कॉफी मशीनपाशी क्रिकेट नसतं, हॉकी असते. त्या गप्पांत बॉबी ऑरचं नाव निघालं की प्रत्येक जण एकाच चालीवर बोलतो. 'सर्वकालीन महान डिफेन्समन. पण गुडघ्यांनी दगा दिला हो बिचाऱ्याला.' मग एक उसासा, आणि विषय संपला. माझं म्हणणं असं आहे की ही गोष्ट अर्धी आहे, आणि जी अर्धी गाळली जाते तीच आपल्या कामाची आहे.

आधी थोडं तांत्रिक. बर्फावर एका वेळी प्रत्येक टीमचे सहा जण. एक गोलकीपर, तीन फॉरवर्ड आणि दोन डिफेन्समन. समोरचा फॉरवर्ड पक घेऊन सुसाट अंगावर येत असतो आणि डिफेन्समन त्याच्याकडे तोंड करून उलटा, पाठीमागच्या दिशेने स्केटिंग करत असतो. अंतर जास्त ठेवलं तर तो आरामात शॉट मारतो, कमी ठेवलं तर बाजूने निसटून जातो. हे सगळं पाऊण-एक मिनिटाच्या पाळीत, की लगेच बेंचवर, की परत बर्फावर. काम नीट झालं तर स्कोअरबोर्डवर काहीच दिसत नाही. प्रॉडक्शन सपोर्ट करणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको :-)

बॉबी ऑर १९४८ साली कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतातल्या पॅरी साउंड नावाच्या छोट्या गावात जन्मला. १९६६ साली, अठराव्या वर्षी तो बोस्टन ब्रुइन्सकडून एनएचएलमध्ये उतरला आणि डिफेन्समनचं जॉब डिस्क्रिप्शनच त्याने बदललं. तोवर बहुतेक डिफेन्समन पक अडवायचे, पुढे ढकलायचे आणि आपल्या जागी थांबायचे. ऑर स्वतःच्या गोलपासून पक घेऊन निघायचा, समोरच्या पाचही जणांना चुकवत गोल करायचा आणि लोक टाळ्या वाजवत असतानाच आपल्या जागी परत आलेला असायचा. सर्वोत्तम डिफेन्समनला मिळणारी नॉरिस ट्रॉफी त्याने १९६८ ते १९७५ अशी सलग आठ वेळा घेतली. सगळ्या लीगमध्ये सर्वाधिक पॉइंट्स करणाऱ्याची ट्रॉफी दोनदा, १९७० आणि १९७५ साली. आजपर्यंत दुसऱ्या कुठल्याही डिफेन्समनला ती एकदाही जमलेली नाही. १९७०-७१ च्या सीझनमधले त्याचे १३९ पॉइंट्स हा डिफेन्समनचा विक्रम अजून उभा आहे. १९७० आणि १९७२ असे दोन स्टॅनली कप, आणि दोन्ही वेळा विजयी गोल त्याचाच. १९७० च्या त्या गोलनंतर हवेत आडवा झालेल्या ऑरचा फोटो टोरोंटोतल्या कित्येक बारच्या भिंतींवर दिसतो.

आणि १९७८ च्या नोव्हेंबरमध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, रिटायर. सगळ्या मिळून ६५७ मॅचेस. डाव्या गुडघ्यावर ऑपरेशनांमागून ऑपरेशनं. आजच्यासारखी आर्थ्रोस्कोपी तेव्हा नव्हती, गुडघा सरळ उघडायचे. इथपर्यंतची गोष्ट सगळ्यांना पाठ असते.

आता गाळलेला भाग.

ऑर रिटायर झाला तेव्हा हिशेबनिसांनी त्याचे कागद तपासले. टॅक्स आणि इतर देणी धरली तर देणं मालमत्तेपेक्षा जास्त निघालं. हो, बरोबर वाचलंत. १९७१ साली ज्याने वर्षाला २ लाख डॉलरप्रमाणे पाच वर्षांचा, म्हणजे १० लाख डॉलरचा करार केला होता, तो माणूस तिशीत जवळजवळ कफल्लक होता. हे गुडघ्याने केलं का? गुडघा टॅक्स रिटर्न भरत नाही.

हे कसं झालं ते समजायला थोडं मागे जावं लागेल. ऑर बारा-तेरा वर्षांचा असताना बोस्टनच्या लोकांनी त्याला हेरलं. १९६२ साली, चौदाव्या वर्षी, त्याच्याकडून एका फॉर्मवर सही घेतली. त्याला सी-फॉर्म म्हणत. एकदा सही झाली की त्या मुलाच्या धंदेवाईक हॉकीवर त्या क्लबचा एकट्याचा हक्क. बदल्यात घरच्यांना थोडी रक्कम आणि, हसू नका, घराला बाहेरून गिलावा! साधं कामगार कुटुंब ते, त्यांना तेव्हा हा सौदा वाईट वाटला नसणार. पुढे एनएचएलचा करार झाला की त्यातही रिझर्व्ह क्लॉज असायचा, म्हणजे करार संपला तरी खेळाडू क्लबच्याच मालकीचा. आपल्याकडे नव्वद दिवसांचा नोटीस पिरियड असला तर आपण किती बोंब मारतो. इथे नोटीस पिरियड जवळजवळ जन्मठेपेइतका होता.

अशा वेळी ऑरच्या वडिलांना ॲलन ईगल्सन नावाचा टोरोंटोचा तरुण वकील भेटला. त्याने १९६६ साली बोस्टनशी घासाघीस करून ऑरला त्या काळच्या नवख्या खेळाडूने ऐकलाही नसेल असा पगार मिळवून दिला. वकील सोबत घेऊन क्लबशी बोलायचं ही तेव्हा हॉकीत उद्धटपणाची गोष्ट होती. ईगल्सनचं नाव झालं. १९६७ साली खेळाडूंची संघटना उभी राहिली आणि तिचा प्रमुख तोच झाला. पुढे आंतरराष्ट्रीय सामन्यांच्या वाटाघाटीही त्याच्याकडे आल्या.

जरा थांबून हा ऑर्ग चार्ट बघा. ऑरचा वैयक्तिक एजंट कोण? ईगल्सन. सगळ्या खेळाडूंच्या वतीने मालकांशी भांडणारा कोण? ईगल्सन. १९७६ ची कॅनडा कप स्पर्धा भरवणारा कोण? ईगल्सन. आणि शिकागो ब्लॅक हॉक्सचे मालक बिल वर्ट्झ यांच्याशी ज्याचे घरोब्याचे संबंध होते तो कोण? परत ईगल्सनच. एकाच माणसाने कोड लिहायचा, त्यानेच टेस्ट करायचा, त्यानेच अप्रूव्ह करायचा आणि ऑडिटलाही त्यानेच बसायचं. कुठल्याही बँकेच्या प्रोजेक्टमध्ये असं ॲक्सेस मॅट्रिक्स दाखवून बघा, पहिल्या रिव्ह्यूत बाहेर काढतील.

१९७६ साली ऑरचा बोस्टनशी करार संपत होता. नव्या करारासाठी बोस्टनने पगाराबरोबर चक्क क्लबची साडेअठरा टक्के मालकी देऊ केली होती. एनएचएलच्या क्लबची! ऑरचं म्हणणं असं की ही ऑफर आपल्याला कधी सांगितलीच गेली नाही. बोस्टनला तू नकोयस, शिकागोला हवायस, असं ईगल्सन सांगत राहिला आणि याने विश्वास ठेवला. तो शिकागोला गेला. तिथे दोन तुटक सीझनमध्ये मिळून जेमतेम २६ मॅचेस खेळला. मधलं एक अख्खं वर्ष बाहेर. आणि शिकागोला जाण्याच्या तोंडावर, सप्टेंबर १९७६ मध्ये, त्याच गुडघ्यावर तो कॅनडा कप खेळला आणि स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. लोक यात त्याची देशभक्ती बघतात. ती होतीच. पण त्या गुडघ्यावर खेळावं की नाही याचा सल्ला ज्याने द्यायचा, तोच स्पर्धेचा आयोजक होता, हे कुणी बोलत नाही.

आपल्याकडे याला नेमका शब्द आहे. कुंपणच शेत खातं.

यावर मला नेहमी मिळणारं उत्तर असं : 'ती साडेअठरा टक्क्यांची बातमी तेव्हा पेपरात आली होती. ऑरने पेपर वाचायला नको होता?' बातमी आली होती हे खरं आहे. ईगल्सनही पुढे हाच बचाव करत राहिला. पण विचार करा. तुम्ही वकील कशासाठी ठेवता? तुमची ऑफर तुम्हाला तिसऱ्याच पेपरात शोधावी लागावी म्हणून? ऑर त्याला भावासारखा मानत होता. मी त्याला भोळा म्हणत नाही. वयाच्या चौदाव्या वर्षापासून ज्याला 'तू फक्त खेळ, बाकी आम्ही बघतो' असंच सांगितलं गेलं, तो दुसरं काय शिकणार? खेळाडूला कागदापासून लांब ठेवणं हे त्या व्यवस्थेचं फीचर होतं. बग म्हणून खपवू नका.

शेवटी काय झालं तेही सांगतो. मॅसॅच्युसेट्समधल्या लॉरेन्स या गावच्या 'ईगल-ट्रिब्यून' पेपरचा क्रीडा संपादक रस कॉनवे याने १९९१ साली ईगल्सनच्या व्यवहारांवर लेखमाला सुरू केली. १९९४ मध्ये अमेरिकेत आरोपपत्र दाखल झालं. जानेवारी १९९८ मध्ये ईगल्सनने आधी बोस्टनच्या आणि मग टोरोंटोच्या कोर्टात फसवणुकीचे गुन्हे कबूल केले. त्यात कॅनडा कप स्पर्धांच्या पैशांतला घोळही होता. १० लाख कॅनेडियन डॉलर दंड आणि अठरा महिन्यांची शिक्षा झाली, आत राहिला सहाच महिने. वकिलीची सनद गेली. हॉल ऑफ फेममध्ये त्याचंही नाव होतं. तो राहणार असेल तर आमची नावं काढा, असं ऑरसकट बऱ्याच खेळाडूंनी बजावलं, तेव्हा त्याने राजीनामा दिला.

आता तुम्ही म्हणाल, एक ऑर फसला, म्हणून काय सगळी व्यवस्थाच वाईट? म्हणून आणखी दोन डिफेन्समन आणतो.

पहिला डग हार्वी, माँट्रियल कॅनेडियन्सचा. ऑरच्या आधीचा सर्वोत्तम डिफेन्समन, यावर फारसं दुमत नाही. सात नॉरिस ट्रॉफी, सहा स्टॅनली कप. खेळाचा वेग आपल्या मर्जीने कमी-जास्त करणारा माणूस. १९५७ च्या फेब्रुवारीत डेट्रॉइटच्या टेड लिंडसेने खेळाडूंची पहिली संघटना जाहीर केली, तेव्हा हार्वी तिचा उपाध्यक्ष होता. मागण्या काय, तर किमान पगार ठरवा आणि पेन्शन फंडाचा हिशेब दाखवा. खेळाडू तेव्हा वर्षाला ९०० डॉलर स्वतःच्या खिशातून त्या फंडात भरत होते. हिशेब मागणं हा गुन्हा ठरला. लिंडसेने त्याच सीझनमध्ये स्वतःच्या करिअरमधले सर्वाधिक ८५ पॉइंट्स केले होते, तरी उन्हाळ्यात त्याची रवानगी शिकागोला झाली. ती शिकागोची टीम तेव्हा तळाला होती. १९५८ पर्यंत संघटना मोडीत निघाली. हार्वी इतका चांगला होता की माँट्रियलला त्याला लगेच काढणं परवडणारं नव्हतं. १९६१ साली, त्या वर्षीची नॉरिस ट्रॉफी जिंकलेली असताना, त्याला न्यूयॉर्कला पाठवून दिलं. संघटनेमुळेच आपल्याला घालवलं, असं हार्वीचं मत होतं. न्यूयॉर्कला गेल्यावर पहिल्याच सीझनमध्ये त्याने परत नॉरिस जिंकली! म्हणजे 'फॉर्म गेला होता' ही सबब पण चालत नाही.

हार्वीचा शेवट चांगला नाही झाला. दारू होती, दुय्यम लीगमध्ये भटकणं होतं. हॉल ऑफ फेमने १९७३ साली त्याला घेतलं तेव्हा तो समारंभाला गेलाच नाही. ज्या क्लबला त्याने सहा कप मिळवून दिले त्या माँट्रियलने त्याचा दोन नंबर सन्मानाने निवृत्त केला तो १९८५ साली. चार वर्षांनी तो गेला. दारूचं खापर मी मालकांवर फोडत नाही. पण काम चोख केलं की बाकी आपोआप होतं म्हणणाऱ्यांनी हार्वीचं करिअर समोर ठेवून मला सांगावं, याने नक्की काय चोख करायचं शिल्लक ठेवलं होतं?

दुसरा कार्ल ब्रूअर, टोरोंटो मेपल लीफ्सचा. हा मला सगळ्यांत आवडतो. ग्लोव्हजचे तळवे कापून टाकायचा, म्हणजे समोरच्याची जर्सी उघड्या हाताने गुपचूप धरता येते आणि बाहेरून रेफरीला ग्लोव्ह दिसतो. (आमच्या प्रोजेक्टवर असा एक टेस्टर होता, त्याच्या हातून बग सुटायचाच नाही.) लीफ्सबरोबर १९६२ ते ६४ असे सलग तीन स्टॅनली कप जिंकून झाल्यावर १९६५ साली तो कोच पंच इम्लाकशी भांडून सोडून गेला. भांडखोर, हट्टी, प्रश्न विचारणारा. अशा माणसाला आपल्याकडे अप्रेझलमध्ये 'नॉट अ टीम प्लेअर' लिहितात.

रिटायर झाल्यावर या हट्टी माणसाने पेन्शनच्या कागदांचा पिच्छा पुरवला. १९५७ साली हार्वी आणि लिंडसेने विचारलेला प्रश्न तोच, फक्त तीस-पस्तीस वर्षं उशिरा. १९९१ साली ब्रूअर, गॉर्डी हाव, बॉबी हल आणि आणखी चार माजी खेळाडू कोर्टात गेले. पेन्शन फंडात साठलेला अतिरिक्त पैसा खेळाडूंना देण्याऐवजी क्लबांनी स्वतःचा हप्ता वाचवायला वापरला होता. १९९२ साली ऑन्टारिओच्या कोर्टाने निकाल दिला की हा पैसा खेळाडूंचा आहे. १९९४ साली कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने लीगचं अपील ऐकायलाच नकार दिला. व्याज धरून सुमारे ४ कोटी डॉलर जुन्या खेळाडूंना परत मिळाले. ब्रूअरच्या तीन कपांपेक्षा मला हे मोठं वाटतं. कप त्याच्या टीमला मिळाले. हे पैसे त्या म्हाताऱ्यांनाही मिळाले ज्यांची जर्सी त्याने कधीकाळी धरून ठेवली होती.

आता खरा आक्षेप. 'बघा, संघटना केली आणि संघटनेच्या प्रमुखानेच लुटलं. मग संघटना हवी कशाला?' आमच्या हिंजवडीत हे वाक्य फार चालतं. 'युनियन वगैरे फॅक्टरीवाल्यांसाठी, आपण प्रोफेशनल.' पण ऑरचं उदाहरण याच्या बरोबर उलट सांगतं. ईगल्सन पंचवीस वर्षं टिकला कारण खेळाडू संघटनेत असूनही संघटित नव्हते. कुणी हिशेब मागत नव्हतं, कुणी कुणाला आपला पगार सांगत नव्हतं. प्रत्येकाला वाटत होतं की आपला करार खास आहे आणि तो गुप्त ठेवण्यातच शहाणपण आहे.

मग १९९० च्या आसपास खेळाडूंनी एकमेकांचे पगार उघड करायचं ठरवलं. एवढंच. क्रांती नाही, संप नाही, एक टेबल फक्त. त्याच उन्हाळ्यात स्कॉट स्टीव्हन्स नावाच्या डिफेन्समनने सेंट लुईसशी चार वर्षांचा ५१ लाख डॉलरचा करार केला आणि आकडा सगळ्या लीगला कळला. मग दुसरा डिफेन्समन आपल्या क्लबला विचारू लागला, त्याला एवढे तर मला किती? पुढच्या काही वर्षांत सरासरी पगार भराभर वर चढले. गंमत म्हणजे याच स्टीव्हन्सला १९९१ साली एका लवादाने दुसऱ्या खेळाडूची नुकसानभरपाई म्हणून न्यू जर्सीला देऊन टाकलं, त्याची इच्छा नसताना. म्हणजे एका टेबलाने सगळं सुटत नाही. पण ज्याचा आकडा माहीत असतो त्याला फसवायला जास्त कष्ट पडतात, एवढं नक्की.

मी काही आयटीतला इंजिनिअर म्हणजे बॉबी ऑर असं म्हणत नाहीये. आपले गुडघे शाबूत आहेत, मान आणि पाठ सोडली तर. पण सवयी बघा. ऑफर लेटरची बावीस पानं असतात आणि आपण 'सीटीसी' लिहिलेलं पान तेवढं वाचतो. बाँडची रक्कम कुठल्या कलमात आहे हे राजीनामा दिल्यावर कळतं. माझ्या एका मित्राचं रिलीव्हिंग लेटर त्याच्या आधीच्या कंपनीने चार महिने अडवून ठेवलं, नवी नोकरी हातची गेली, आणि त्याचा सल्ला घ्यायचा विश्वासू माणूस कोण? त्याच कंपनीचा एचआर! शेजारच्या डेस्कवरच्या माणसाचा पगार विचारणं आपल्याला असभ्य वाटतं. हे असभ्य आहे हे आपल्याला कुणी शिकवलं, आणि त्यात कुणाचा फायदा आहे, हा प्रश्न मात्र असभ्य वाटत नाही, कारण तो आपण विचारतच नाही.

'काम चोख करा' याला माझा विरोध नाही. ऑर, हार्वी, ब्रूअर, तिघांनीही ते केलं, आणि आपल्यापेक्षा कितीतरी चोख. विरोध आहे तो 'बाकीचं आपोआप होतं' याला. आपोआप काही होत नाही. कुणीतरी ते करत असतं, आणि तो कुणाचा माणूस आहे हे तपासणं हा कामाचाच भाग आहे. ब्रूअरला ते कळलं होतं आणि लोकांनी त्याला विक्षिप्त म्हटलं. ऑरला ते कुणी कळू दिलं नाही आणि लोक आजही गुडघ्याला शिव्या देतात.

असो. लांबलं. पण तुमच्याकडे अजून रविवार शिल्लक आहे. ऑफर लेटर मेलबॉक्समध्ये कुठेतरी असेल, ते उघडा आणि पहिल्या पानापासून वाचा. पीएफचं पासबुक बघा. आणि सोमवारी चहाला ज्याच्याबरोबर जाता त्याला आपला आकडा सांगा. तो त्याचा सांगेल की नाही माहीत नाही. सुरुवात कुणी तरी करायला हवी.